चमचाभर दूध

दादा, कोयनानगरच्या क्वार्टरमध्ये तुझ्या हातातून कप पडला तेव्हा तू आधी वर बघितलंस. कोयनेला राहणाऱ्यांची ती सवयच. भांडं वाजलं, दार थरथरलं की पहिली नजर छताच्या बल्बकडे, तो हलतोय का बघायला. बल्ब जागच्या जागी होता. माझा कप बशीत गप्प होता. तू हसलास आणि म्हणालास, "मंगे, आज भूकंप निसता माज्याच हाताला झाला बग." वहिनीनं हसत हसत फरशी पुसली आणि दुसरा चहा आणून दिला. तो तू दोन्ही हातांनी धरलास. ते पाहून माझं हसू आटलं.

तुला जाऊन अजून महिना झालेला नाही. लोक येतात, बसतात, तुझ्या नोकरीच्या गोष्टी काढतात. एक गृहस्थ तर छापायला म्हणून माहिती मागून गेले. जन्म कधी, भरती कधी, निवृत्ती कधी. मी त्यांना वहिनीकडे पाठवलं. मला त्यातलं काही सांगायचं नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि तू मधूनच उठून गेलास. लहानपणी सागरगोट्यांत हरायला लागलास की असाच उठून जायचास.

पुण्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा तू त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघितलंस. बहीण मेडिकल कॉलेजात शिकवते, तर खरं काय ते तिच्या तोंडावर दिसेल, असा तुझा हिशेब. परतीच्या एसटीत मला विचारलंस, काय काय जाणार आणि कशामागून काय. मी सांगितलं. हात, पाय, मग जीभ, मग गिळणं, शेवटी श्वास. डोकं मात्र शाबूत राहणार. खंबाटकीचा घाट उतरून गाडी सरळ रस्त्याला लागली तेव्हा म्हणालास, "म्हंजी सेट चालू ऱ्हानार आनी माइक बंद." फौजेत उभी हयात वायरलेसच्या सेटवर काढलेल्या आणि निवृत्तीनंतर धरणाच्या पाण्याची पातळीही वायरलेसवरूनच कळवणाऱ्या माणसानं दुसरं काय म्हणायचं? मी हो म्हणाले आणि रडायला लागले. तू टपली मारायला हात उचललास, पण तो अर्ध्यावरूनच खाली आला.

मी तेव्हा सांगलीच्या कॉलेजात सशांवर काम करत होते. सशाच्या मेंदूच्या ज्या भागातून पुढचा पाय हलवायचा हुकूम सुटतो, तिथं केसाहून बारीक प्लॅटिनमची तार बसवायची आणि तो हुकूम बाहेर यंत्रावर ऐकायचा. पुढेमागे कधीतरी हातपाय गेलेल्या माणसाचा हुकूमही असाच ऐकता येईल, त्यावर एखादं यंत्र चालवता येईल, असं आमच्या विषयातले लोक हलक्या आवाजात बोलायचे. कॉलेजात मला सशाची बाई म्हणत. तुझा आजार कळल्यावर मी तेच काम करत होते, पण आता ते तुझ्यासाठी होतं. त्याला संशोधन म्हणू की आणखी काही, मला माहीत नाही. घाई करू नका, असं मुलांना शिकवणारी मी, आता रोज सकाळी घाईनं सशांच्या पिंजऱ्याकडे जायची. तुझी जीभ जायच्या आत माझी तार तयार व्हायला हवी होती, एवढंच मला दिसत होतं.

तुला मी म्हणाले होते, अगदीच नाही जमलं तर पापण्यांनी हो-नाही करता येईल, आपण खुणा ठरवून घेऊ. तू भडकलास. "व्हय-न्हाई तर बैलबी मान हालवून करतो. मला शिवी देता आली पायजे." वहिनी आतून म्हणाली, आवं, जरा बरं बोला की. तू म्हणालास, बरं बोलायचंय म्हणूनच तर ही खटपट.

अडचण एकच होती, पण डोंगराएवढी. तार बसवल्यावर काही आठवडे हुकूम खणखणीत ऐकू यायचा. मग तो पुसट होत जायचा आणि शेवटी नुसती खरखर उरायची. ससा मारून, मेंदूचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली धरले की कारण दिसायचं. परकं काही आत आलं की मेंदूच्या राखणीच्या पेशी धावून येतात. ते खाऊन संपवता येईना की त्याच्याभोवती भिंत घालतात. तार राहते भिंतीच्या आत आणि बोलणाऱ्या पेशी राहतात बाहेर.

हे ऐकून तू पायजमा वर करून पोटरी दाखवलीस. लढाईत शिरलेली लोखंडाची किरच, नखाएवढी कपची, तिथं अजून होती, बोटाला लागायची. "दुश्मनाचं लोखंड हितं इतकी वर्सं गप बसलंय. तुजं प्लॅटिनम एवडं महाग, त्येला का म्हनून ऱ्हाऊ देत न्हाईत?" मी म्हणाले, दादा, हिलाही कुणी राहू दिलेलं नाही, कोंडून ठेवलंय. तुझ्या किरचेभोवतीही भिंतच आहे. तिला कुणाशी बोलायचं नाही, कुणाचं ऐकायचं नाही, म्हणून तुला त्या भिंतीचा त्रास नाही. माझ्या तारेला ऐकायचं आहे. तू पोटरी चोळलीस. मग हळूच म्हणालास, "आतापत्तुर मला वाटायचं, आमचं जमलंय."

त्यानंतर तुझी चाल गेली. कोयनेचं क्वार्टर सोडून तुम्ही साताऱ्याला आलात. मी शनिवारी कॉलेज सुटलं की सांगलीहून गाडी पकडायची आणि रविवारी परत फिरायची. तुझे शब्द जड व्हायला लागले होते. दारू न पिता झिंगल्याचा फायदा मिळतोय, असं तूच म्हणायचास. त्याच दिवसांत एकदा वहिनी पाणी भरायला गेलेली असताना तू ते काढलंस. "माज्या डोस्क्यात घाल तार. सशाला कवा इचारलंस का? मला इचार. मी व्हय म्हनतोय." मी नाही म्हणाले. तू म्हणालास, मरणारच आहे मी, मग बिघडणार काय? मी म्हणाले, सशात जी तार चार महिने धड टिकत नाही, ती तुझ्यात घालायची, आत रक्तस्राव झाला तर आत्ता आहे ते हसणंही घालवायचं, आणि कशासाठी? शिवाय तुझी कवटी उघडायची परवानगी मला कोण देणार? तू म्हणालास, भ्यालीस. हो, भ्याले होते. पण माझं उत्तर भीतीपोटी आलेलं नव्हतं. आज तू समोर येऊन बसलास आणि परत विचारलंस तरी मी नाहीच म्हणेन. तू पुन्हा भ्यालीस म्हणशील. मग आपण पुन्हा पहिल्यापासून सुरू करू.

ताठ तार मेंदूला सतत घासते, हे मला ठाऊक होतं. मेंदू लोण्यासारखा मऊ, श्वासागणिक हलणारा, आणि तार कवटीला पक्की. म्हणून अगदी बारीक, मऊ तार हवी. पण मऊ तार आत शिरतच नाही, टोक टेकलं की वाकते. इथं मी महिनोनमहिने अडले होते. त्याचा उपाय तुझ्या स्वयंपाकघरात सापडला. तुझ्या आवडीच्या पाकातल्या पुऱ्या चालल्या होत्या. ताटलीत सांडलेला पाकाचा थेंब काचेसारखा कडक झाला होता. मी सहज उचलून तोंडात टाकला आणि तो विरघळला. मी जागची उठून उभी राहिले. तारेला साखरेचं कवच द्यायचं. आत शिरेपर्यंत ती ताठ राहील, शिरली की कवच विरघळून जाईल आणि मऊ तार तेवढी उरेल.

कॉलेजातल्या स्पिरिटच्या दिव्यावर माझा पाक कधी करपायचा, कधी त्याची परत साखर व्हायची. स्वयंपाकात माझी गती किती हे तुला सांगायला नको. शेवटी मी तारा घेऊन साताऱ्यालाच आले. वहिनीनं कडक पाक करायचा, लिंबू पिळायचं आणि झाला की मला हाक मारायची. तोवर मी बाहेर तुझ्यापाशी बसायची. हाक आली की आत जाऊन चिमट्यानं एकेक तार बुडवून काढायची. उकळता पाक, त्यात जंतू कुठले राहणार? तरी कॉलेजात नेऊन मी तारा पुन्हा निर्जंतुक करायची. त्या दिवसांत वहिनी जशी खुशीत होती तशी मी तिला लग्नातही बघितली नव्हती. शेजारणींना सांगायची, वन्संचं काम माज्या पाकावर चाललंय, ह्येंचा आजार आता हटतोय. तो हटणार नाही, फार तर तुला बोलता येईल, हे मी तिला दोनदा समजावलं. ती मान डोलवायची आणि शेजारी जाऊन तेच सांगायची. तिची उमेद बघून मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

पहिल्या सशांचे काप बघितले आणि मी खुर्चीत बसले. इतकी गर्दी मी कधीच बघितली नव्हती. गुळाला मुंगळे लागावेत तशा पेशी तारेला लागल्या होत्या. मी माझ्या हाताला दोष दिला, तारेला दिला, सशांच्या जातीला दिला. पुन्हा साताऱ्याला आले, पुन्हा पाक, पुन्हा ससे. पुन्हा तेच. आणि तू काही माझ्यासाठी थांबला नव्हतास. काठी गेली, खुर्ची आली. तुझं बोलणं आम्हा दोघींखेरीज कुणाला कळेना. मग वहिनीला सगळं आणि मला अर्धं.

तो रविवार थंडीचा होता. तुला ऊब मिळावी म्हणून तुझी खुर्ची आत, गॅसच्या शेगडीजवळ ठेवली होती, म्हणून मीही बाहेर न बसता आतच पाटावर बसले. वहिनीनं साखरेत पाणी घातलं. उकळी फुटल्यावर तिनं शेजारच्या पातेल्यातलं चमचाभर दूध घेतलं आणि पाकात सोडलं. पांढरा फेस वर आला आणि त्याच्याबरोबर साखरेतली मळी. तिनं ती झाऱ्यानं निगुतीनं काढून टाकली. आपली आईही तेच करायची. आपल्याकडे पाक करणारी कुठलीही बाई हेच करते, आणि पाक कसा केलास असं तिला कुणी विचारलं तर दूध घातल्याचं ती सांगणारही नाही, कारण पाणी घातलं हे जसं कुणी सांगत नाही तसंच ते. मळी गेली आणि पाक आरशासारखा स्वच्छ झाला. डोळ्यांना स्वच्छ. दुधातली प्रथिनं सगळीच्या सगळी फेसाबरोबर निघत नाहीत, थोडी मागं राहतात. पोटात गेली तर अंगी लागतात. मेंदूत गेली की तीच परकी. माझ्या तारेबरोबर मी दर वेळी दूध घालत होते.

मी तुझ्याकडे बघितलं. तुझे डोळे त्या चमच्यावर होते. परक्या प्रथिनांचं पुराण मी तुला इतक्या वेळा ऐकवलं होतं की तुला सांगायची गरजच नव्हती. वहिनी झारा धुवायला मोरीकडे गेली, नळाचं पाणी सुरू झालं आणि तू बोललास. एकेक अक्षर तुला विहिरीतून ओढून काढावं लागत होतं.

"मंगे. तिला. सांगू नगंस."

मला कळलेलं तुझं ते शेवटचं वाक्य. मी मान हलवली. वहिनीनं हाक मारायच्या आधीच मी पाकाजवळ होते. नेहमीसारख्या तारा बुडवल्या, डबीत ठेवल्या, पाक झकास झालाय म्हणाले. तू पुरी मागितलीस, म्हणजे पुरीकडे बघितलंस, आणि वहिनीनं कुस्करून भरवली. सांगलीला पोचल्यावर मी सगळ्या तारा फेकून दिल्या.

त्यानंतर मी पाक कॉलेजातच करायला शिकले. शुद्ध साखर, गाळीव पाणी, आणि आठवडाभर करपल्याचा वास. वहिनीला सांगितलं की कॉलेजात आता नवं यंत्र आलंय, तुम्हाला कशाला सारखा त्रास. ती बरं म्हणाली. या खेपेला काप बघितले तेव्हा तारेभोवती पेशी होत्या, पण विरळ. राहिलेल्या सशांमधला हुकूम पहिल्याहून कितीतरी जास्त दिवस टिकला. मी तो टेप केला आणि कॅसेट घेऊन साताऱ्याला आले.

आठवतं? वहिनीनं टेपरेकॉर्डर तुझ्या उशाशी ठेवला. तू डोळे मिटलेस. सेटवर बसायचास तसाच तुझा चेहरा झाला, कपाळाला तीच आठी. खरखर चालू होती आणि मग ससा पाय उचलायचा तेव्हाची ती तडतड, मक्याचं कणीस भाजल्यासारखी. दर तडतडीला तू भुवई उचलत होतास. एकही चुकवली नाहीस. वहिनीनं विचारलं, ह्ये काय वाजतंय? मी म्हणाले, ससा बोलतोय. ती पदराचा बोळा तोंडाशी धरून हसली आणि मग तशीच रडली. मलाही त्या दिवशी वाटलं की आपण पोचणार.

पुढच्या कॅसेटला भुवई कमी वेळा उठली. त्यापुढच्या कॅसेटला मी आवाज मोठा करून ठेवला होता, जणू त्यानं फरक पडणार होता. तू ऐकत राहिलास. आठी गेली. टेप अर्ध्यावर असतानाच तू डोळे उघडलेस आणि माझ्याकडे बघितलंस. सेट बंद झालाय हे तुला माझ्याआधी कळायचंच. मी म्हणाले, याहून बारीक तार घेऊ, अजून मऊ. तुझी भुवई हलली नाही. त्या दिवशी तू काय म्हणत होतास, दादा? चालू ठेव म्हणत होतास की पुरे म्हणत होतास? की ती शिवी होती? मला शिवी आवडली असती.

तुझा श्वास गेला तो दुपारी. वहिनी तुझं डोकं विंचरत होती. मी सांगलीला तास घेत होते. निरोप आला तेव्हा फळ्यावर मेंदूचंच चित्र होतं, ते तसंच टाकून मी निघाले. तू पांढऱ्या चादरीत होतास, भंतेजी आले होते, सगळे त्रिशरण म्हणत होते. मीही म्हटलं. कैलास स्मशानभूमीत नेताना तुझ्या फौजेतल्या दोस्तांनी खांदा दिला. पोटरीतली ती किरच राखेत सापडेल म्हणून तुझा एक दोस्त शोधत होता. मी त्याला थांबवलं.

त्यानंतर दोन दिवसांनी मी कॉलेजात जाऊन शेवटच्या सशाचे काप बघितले. भिंत होती, दादा. पातळ होती, पण होती. तिथं दुधाचा थेंब नव्हता. म्हणजे दूध नसतं तरी शेवट हाच होता, थोडा उशिरा. हे मला आधी कळलं असतं तर तुला सांगितलं असतं. तू म्हणाला असतास, मंग तिला सांगायला हरकत न्हाई. किंवा म्हणाला असतास, तरीबी नगंस. मला माहीत नाही. तुला विचारायचं राहिलं.

परवा तुझा जलदानविधी झाला. वंदना झाली, लोक जेवून गेले, आणि संध्याकाळी घरची चार माणसं उरली तेव्हा वहिनीनं शेगडी पेटवली. ह्येंना आवडायच्या, म्हणाली, आणि पुऱ्या लाटायला घेतल्या. मी तिच्या शेजारी पाटावर बसले. साखर, पाणी, उकळी. दुधाचं पातेलं हाताशी होतं. तिनं त्याला हात लावला नाही. मळी वर आली, तिनं ती जमेल तेवढी चमच्यानं बाजूला सारली, बाकीची तशीच आत उकळत राहिली.

मी विचारलं, वहिनी, दूध? तिनं पाकावरची नजर काढली नाही.

"न्हाई घालत मी आता. त्या थंडीच्या आयतवारी तुमी दोगं माज्या चमच्याकडं बघत व्हता. नळाखाली झारा धुताना मागं बघितलं मी. आनी तवापास्नं तुमी माज्याकडनं पाक न्हेला न्हाई."

मी तिचा हात धरला. सगळं सांगितलं. दुधाचं काय झालं ते, आणि दुधाशिवायच्या तारेचंही काय झालं ते. तुझ्या मनाविरुद्ध वागले असेन तर तसं, पण आता लपवायला उरलं काय होतं? मी म्हणाले, वहिनी, दूध नसतं तरी जमलं नसतं, मी डोळ्यांनी बघून आलेय. पाक एकतारी झाला का बघायला तिनं थेंब दोन बोटांत धरला, ताणला, आणि गॅस बंद केला.

"व्हय, तुमी शिकलेल्या, तुमी म्हनताय तर तसंच आसंल," ती म्हणाली. "पर पयल्यापास्नं दूध नसतं तर त्येंची भुवई आनी थोडं दीस हालली आसती न्हवं, वन्सं?"

मला नाही म्हणता आलं नाही. तुला मी नाही म्हणाले होते, तिला म्हणू शकले नाही.

तिनं पुऱ्या पाकात सोडल्या. तू तिला सांगू नको म्हणालास आणि मी सांगितलं नाही. तिनंही तिला कळल्याचं तुला सांगितलं नाही. खुर्चीपासून अंथरुणापर्यंत, कालवलेला भात भरवताना, दाढी करताना, अंग पुसताना, ती ते पोटात घेऊन तुझ्यासमोर हसत राहिली. तुला वाटलं तू तिला वाचवलंस. मलाही वाटलं होतं.

पुऱ्या जरा काळपट झाल्या होत्या, मळीमुळे. तिनं पहिली तुझ्या फोटोपुढं ठेवली आणि दुसरी माझ्या हातात दिली.